पूर्ण नाव

सगळे थांबले आणि शीला एकटीच पुढे बोलत राहिली. कॅथलिक चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना चालली होती. तीनेकशे माणसांचा आवाज एका लयीत चालला होता आणि वाइटापासून सोडवण्याच्या मागणीपाशी येताच तो नळ बंद करावा तसा बंद झाला. शीलाचा मात्र झाला नाही. जन्मल्यापासून तिच्यासाठी ती प्रार्थना ज्या ओळीने संपते, राज्य देवाचं, सामर्थ्य देवाचं, गौरवही त्याचाच असं सांगणारी ती शेवटची ओळ तिच्या तोंडातून आपोआप बाहेर पडली, खणखणीत, प्रोटेस्टंट पाळकाच्या मुलीला शोभेल अशी. अर्धी ओळ झाल्यावर तिला आपलाच आवाज ऐकू आला. पुढच्या बाकावरच्या दोन बायांनी माना वळवल्या. वेदीपाशी हात पसरून उभ्या असलेल्या फादरनी डोळे मिटलेलेच ठेवले, पण ते क्षणभर थांबले हे तिने पाहिलं. मग त्यांनी मधली आपली वाक्यं म्हटली, आणि ती म्हणून झाल्यावर सगळ्या चर्चने तीच ओळ म्हटली जी शीला आधीच म्हणून बसली होती. आता मात्र तिच्या तोंडातून शब्द फुटेना. छप्पन वर्षांची बाई, तीस वर्षं नर्सची नोकरी केलेली, मोठमोठ्या डॉक्टरांना तोंडावर सुनावणारी, ती चुकीच्या वर्गात जाऊन बसलेल्या पोरीसारखी मान खाली घालून उभी राहिली.

मिस्सा, म्हणजे तिथली उपासना, संपल्यावर पायऱ्यांवर कडुबा मास्तर भेटले. नवीन येणाऱ्यांना धर्मशिक्षण द्यायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि गेले पाच महिने दर शनिवारी दुपारी ते शीलाला एका वहीतून शिकवत होते. "बाई, तुमी लोक लई घाई करता," ते हसत म्हणाले. "आमी मधी फादरला बोलू देतो. तेवढी सवड द्यायची." मग गंभीर होऊन त्यांनी पुढच्या रविवारचं पुन्हा एकदा सांगितलं. बाप्तिस्मा तिचा झालेलाच आहे, तो परत व्हायचा नाही. सगळ्यांसमोर विश्वास कबूल करायचा, फादर कपाळाला तेल लावतील, आणि मग पहिल्यांदा तिला ती भाकर मिळेल जी पाच महिने ती दुसऱ्यांना घेताना बघत होती. त्याआधी शनिवारी फादरांपुढे पापनिवेदन. आणि मृतांसाठी कुणाचं नाव मिस्सामध्ये घ्यायचं असलं तर मिस्सा सुरू व्हायच्या आत चिठ्ठी लिहून द्यायची. "घरी सांगितलं ना?" मास्तरांनी विचारलं. शीला "व्हय" म्हणाली. सांगितलेलं नव्हतं. घरी म्हणजे आबांना, आणि आबांना सांगितल्याशिवाय त्या वेदीपुढे उभं राहायचं नाही असं तिने पाच महिन्यांपूर्वीच स्वतःशी ठरवलेलं होतं. आता सात दिवस उरले होते.

छावणीतून बजाजनगरपर्यंतची शेअर रिक्षा म्हणजे जीव मुठीत. चौथ्या सीटवर अर्धी बाहेर लटकत शीला उन्हात भाजत होती. एप्रिल पुरता लागलाही नव्हता आणि शहराचा नळ दहा दिवसांवर गेला होता. नगर नाका मागे पडला की रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉट पाडलेली रानं सुरू व्हायची, त्यांवर रोवलेल्या चुनखडीच्या खुणा, अमुक नगरी तमुक पार्क असे फलक, आणि त्या फलकांखाली ओळीने उभे असलेले टँकर. माणसाला प्यायला पाणी नाही आणि घरं बांधायचं थांबत नाही, हे सगळं बघून शीलाला हसू यायचं, आज आलं नाही. ती ओळ अजून जिभेवर होती. जी ओळ म्हणायला आबांनी तिला मांडीवर बसवून शिकवलं, त्याच ओळीने आज तिला चारचौघांत उघडं पाडलं. इतके दिवस तिला वाटत होतं की आपण विचार करून, वाचून, गुडघे टेकून एका घरातून दुसऱ्या घरात चाललो आहोत. आणि इकडे जीभ अजून जुन्याच घराच्या ओसरीवर बसलेली.

विचार करून चालली होती हेही तसं खरं नव्हतं. मागच्या नोव्हेंबरात वॉर्डात एक म्हातारी गेली. तिच्या मुलाने दुसऱ्या दिवशी येऊन शीलाला कबरस्तानात नेलं, कारण शीलाने शेवटी म्हातारीचा हात धरला होता. तो मृतांचा दिवस होता. सगळ्या कबरींवर मेणबत्त्या, झेंडूची फुलं, आणि माणसं आपापल्या माणसांची नावं घेऊन मोकळेपणी देवाकडे मागत होती, याला सांभाळ, हिला जवळ घे. कुणी रडत होतं, कुणी डब्यातला उपमा खात होतं. शीला दिवाभीतासारखी एका कडेला उभी राहिली. मेलेल्यांसाठी असं मागता येतं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. ते चुकीचं आहे एवढंच तिला माहीत होतं. त्या दिवशी तिच्या ओठांवर एक नाव आलं आणि ती ते गिळून घरी आली. गिळलेलं नाव पोटात राहीना. पुढच्या रविवारी ती म्हातारीच्या चर्चच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

तिथून पुढे तिच्या जिवाला चैन म्हणून पडली नाही. मरियेच्या मूर्तीसमोर उभी राहिली की मानेवरचे केस उभे राहायचे, कुणीतरी मागून बघतंय असं वाटायचं. क्रूसाची खूण करताना हात आधी डाव्या खांद्याला न्यायचा की उजव्या, याचा रोज घोटाळा. जपमाळ ती युनिफॉर्मच्या खिशात ठेवायची, थर्मामीटरच्या शेजारी, आणि घराच्या दारात आल्यावर पर्सच्या तळाला ढकलायची. आंधळ्या बापापासून जपमाळ लपवायची, याची तिला लाज वाटायची आणि तरी ती लपवायची. आबांच्या मंडळीतल्या राजाबाईंना कुठून तरी कुणकुण लागलीच. त्या एकदा भाजीच्या गाड्यावर भेटल्या आणि शेंगा निवडता निवडता म्हणाल्या, "मागं दुष्काळात लोक तिकडं गव्हासाठी गेले. आता तर गहू बी बंद झाला म्हणतेत. तुला काय देतेत गं?" शीला हसली, पाव किलो शेंगा घेतल्या आणि पुढचे चार दिवस त्या शेंगांकडे तिला बघवेना.

कारण राजाबाईंचं बोलणं खोटं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात आबा सिल्लोडकडच्या एका खेड्यात पाळक होते. तीस घरांची मंडळी. पाऊस सलग तिसऱ्या वर्षी फिरकला नाही तेव्हा त्यातली बारा घरं एकेक करून शेजारच्या गावच्या फादरांकडे गेली, तिथे धान्य मिळत होतं, तेल मिळत होतं. आबा गेले नाहीत. फकिरा पारधे पाळकाने पोटासाठी देव बदलला नाही, हे वाक्य शीलाने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते त्यांच्या घराच्या भिंतीवर लिहिल्यासारखं वाटे. घरातली कणगी रिकामी होती. आई, भामाबाई, मदतीत आलेल्या लाल मिलो ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून पोरांना द्यायची आणि स्वतः चुलीकडे तोंड करून बसायची. आणि शमुवेल, शीलाचा थोरला भाऊ, एकोणीस वर्षांचा, पाझर तलावाच्या कामावर माती उचलायला जायचा. त्या कामाला सुट्टी बाजाराच्या दिवशी, रविवारी नाही. आणि रविवारी काम करायचं नाही ही आबांची आज्ञा. त्यावरून बापलेकांचं बोलणं दोन महिने बंद होतं.

त्या रविवारी सकाळी शमुवेलने बारा वर्षांच्या शीलाला दाराआड घेतलं. "आबांनी इचारलं तर सांग, पाणी आणाया गेलाय. आज कामावर सुकडी वाटणार हायेत. तुला खायला आणतो." आबांनी विचारलं, आणि शीलाने तसंच सांगितलं. आबा उपासनेला उभे राहिले. उपासना संपत आली असताना बाहेर माणसं पळत असल्याचा आवाज आला. तलावाच्या खड्ड्यात कडेची माती खाली आली होती आणि तिघं तिच्याखाली गेले होते. शमुवेल दुपारी सापडला. त्याच्या नाकात, कानात, दातांत माती होती, आणि आईने ती पदराच्या टोकाने काढली, एकेक दात पुसून, कुणाला हात लावू दिला नाही. पुढे तीस वर्षांत शीलाने कितीतरी माणसांची तोंडं पुसली, पण प्रत्येक वेळी हातात तो पदर असायचा. पुरून आल्यावर त्या संध्याकाळच्या प्रार्थनेत आईने त्याचं नाव घेतलं. आबा म्हणाले, "नाय. तो आता त्याच्या न्यायाधीशापुढं गेला. मेलेल्यासाठी मागणं आपल्यात नाय. त्याचं नाव प्रार्थनेत घ्यायचं नाय." पुढे अकरा वर्षं, म्हणजे आई स्वतः मरेपर्यंत, प्रार्थनेच्या वेळी तिचे ओठ एका जागी हलायला जायचे आणि थांबायचे. शीला डोळे किलकिले करून ते बघायची आणि तिला वाटायचं, मी खरं बोलले असते तर आबांनी त्याला अर्ध्या वाटेतून ओढून आणलं असतं. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, तोही आता नव्हता. आणि शनिवारी ते एका जाळीआड बसलेल्या परक्या माणसाला सांगायचं होतं, ज्याच्याशी ती खोटं बोलली त्या बापाला सांगायच्या आधी. हे तिला पटत नव्हतं, काही केल्या पटत नव्हतं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. आबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, काचबिंदूने दोन्ही डोळे नेलेले, बाहेरच्या खोलीत खाटेवर बसून असायचे. रोज संध्याकाळी शीला ड्युटीवरून आली की ती त्यांना शास्त्रातला एक अध्याय वाचून दाखवायची आणि मग दोघं मिळून प्रार्थना म्हणायची. रोज ती ठरवायची की आज अध्याय झाला की बोलायचं. रोज अध्याय लांबला, टँकर आला, शेजारीण आली. बुधवारी तर आबांनी आपणहून विचारलं, "लई थकल्यावानी वाटतीस. काय झालंय?" आणि शीला म्हणाली, "काय नाय, आबा. ऊन." दुसरीकडे ती आठवडाभर मनात एकच गोष्ट घोकत होती. रविवारी पुन्हा फजिती नको. सोडव म्हटलं की थांबायचं. बसमध्ये थांबायचं, इंजेक्शन भरताना थांबायचं, भाकरी थापताना थांबायचं. जिभेला वळण लावायचं म्हणजे लावायचंच, असा हट्टाला पेटली होती ती.

गुरुवारी संध्याकाळी अध्याय संपला. दोघांनी डोळे मिटले, आबांनी तर ते मिटायची गरज नव्हती, पण ते मिटायचे. प्रार्थना सुरू झाली. ती सोडवण्याच्या मागणीपाशी आली आणि शीला थांबली. तिला कळलंसुद्धा नाही. तिला कळलं ते खोलीत एकच आवाज उरल्यावर. आबांचा, चिरलेला, धाप लागलेला आवाज शेवटची ओळ एकटाच म्हणत होता. ते मध्ये अडखळले नाहीत. राज्य, सामर्थ्य, गौरव, सगळं नीट पार पाडून त्यांनी एकट्याने आमेन म्हटलं. पंखा करकरत होता.

"किती दिस झाले?" आबांनी विचारलं.

"कशाचे, आबा?"

"मला डोळे नायत. कान हायेत. ती ओळ कोण सोडतं ते मला ठावं हाय."

"पाच महिने," शीला म्हणाली.

"मूर्तीपुढं गुडघं टेकतीस?"

"टेकते."

"मरियेला मागतीस?"

"ते अजून नाय जमत. जीभ अडते."

आबांनी नाकातून आवाज काढला. तो राग होता की हसू, हे तिला कळलं नाही. "मग जातीस कशाला?"

"शमुवेलसाठी," ती म्हणाली. चव्वेचाळीस वर्षांत ते नाव त्या दोघांच्यामध्ये पहिल्यांदाच उच्चारलं गेलं, आणि एकदा उच्चारल्यावर तिला थांबता येईना. "तिथं त्याचं नाव घेता येतं. मोठ्यानं. मला मागायचंय त्याच्यासाठी. आबा, त्या दिवशी मी खोटं बोलले. तो पाणी आणायला गेलाच नव्हता. तो कामावर गेला होता आणि मला ठाऊक होतं. मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्याला आणला असता."

आबांची बोटं धोतराचा काठ चाचपत होती. "हंडे दारात होते," ते म्हणाले.

"काय?"

"आपल्याकडं दोनच हंडे होते. तू म्हणलीस पाणी आणाया गेला. दोन्ही हंडे दारात पालथे पडलेले. मी बघितले. बघितले आन आत आलो." ते श्वास घ्यायला थांबले. "मला ठावं होतं तो कुठं गेला. उठून गेलो असतो तर वढ्यापाशी गाठला असता. नाय गेलो. तुझ्या आईनं दोन दिस काय खाल्लं नव्हतं. म्हणलं, जाऊ दे, सुकडी आणील. आन मंडळीपुढं उभा राहून प्रभूचा दिवस पाळा म्हणून वाचत व्हतो. माती पडली तवा मी तेच वाचत व्हतो."

शीलाला आधी काही वाटलंच नाही. मग तिला राग आला. ज्या खोट्याखाली ती आयुष्यभर वाकली होती ते खोटं कुणाला फसवूच शकलं नव्हतं. "मग आईला का अडवलं?" ती जवळजवळ ओरडली. "तिला तरी नाव घेऊ द्यायचं!"

"ती नाव घ्यायची तवा मला हंडे दिसायचे," आबा म्हणाले. "मी कोणत्या तोंडानं मागू? ज्यानं जाऊ दिला त्यानंच सांभाळ म्हणायचं? नेम पुढं केला आन त्याच्याआड बसलो. पोटासाठी देव नाय बदलला म्हणून सांगत फिरलो. पोरगं घालवलं पोटासाठी."

त्या रात्री कुणी जेवलं नाही. शुक्रवारी सकाळी ती ड्युटीला निघताना आबांनी तिला जवळ बोलावलं. "तू जा तिकडं," ते म्हणाले. "मी व्हय म्हणत नाय. पण तुला अडवीत बी नाय. एकच कबूल कर. मी गेल्यावर माझं नाव तिथं घ्यायचं नाय. मी ह्या मंडळीत वाढलो, तसाच जाईन. माझ्यासाठी मेणबत्ती नाय, मागणं नाय. माझ्या देवाला मी एकटा तोंड देईन." शीलाने आयुष्यात मरणाऱ्यांना पुष्कळ गोष्टी कबूल केल्या होत्या, त्यातल्या कित्येक खोट्या. ही तिला खोटी कबूल करता येईना. "कबूल," ती म्हणाली, आणि बसमध्ये बसल्यावर तिला हुंदका आवरेना. ज्या एका गोष्टीसाठी ती घर सोडून निघाली होती ती गोष्ट बापासाठी तिला कधीच करता येणार नव्हती.

शनिवारी जाळीआड तिने सगळं सांगितलं. फादर हळू आवाजात म्हणाले की बारा वर्षांच्या मुलीचं ते खोटं देवाने केव्हाच माफ केलं आहे, आणि प्रायश्चित्त म्हणून तीनदा मरियेची प्रार्थना म्हणायला सांगितली. शीलाला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माफ करायला फार सोपं होतं ते, आणि ज्याचं अवघड होतं तो बजाजनगरात खाटेवर बसून होता. मूर्तीपुढे जाऊन तिने मान वर केली. तिला त्या मूर्तीत देवाची आई दिसेना, मातीने माखलेला पदर दिसला. मग जीभ सुटली. तीनदा म्हणायचं ते तिने सहादा म्हटलं.

रविवारी सकाळी ती पांढरी साडी नेसून दारात चपला घालत होती.

"शीला." आबांनी खाटेवरून हाक मारली. "तिथं नाव लिवून देतेत ना?"

"व्हय, आबा. चिठ्ठीवर."

"नुसतं शमुवेल लिवू नको. शमुवेल लई असतेत." ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. "पूर्ण नाव लिव."

रिक्षाभर ती त्या वाक्याकडे बघत राहिली, पण त्यात काय आहे ते तिला दिसलं नाही. ते तिला दिसलं चर्चच्या दाराशी, कडुबा मास्तरांनी चिठ्ठी आणि पेन पुढे केल्यावर. तिने शमुवेल लिहिलं आणि पुढचा शब्द लिहायला पेन टेकवलं. तिथे ते तसंच राहिलं. मागे माणसं खोळंबली. मास्तर वाकून हळूच म्हणाले, "वडलांचं नाव लिवा की, बाई. का इसरलात?"

"नाय," शीला म्हणाली. "नाय इसरले." आणि तिने ते लिहिलं.

विश्वास कबूल करताना आपला आवाज कसा निघाला ते तिला पुढे आठवलं नाही. तेलाचा वास आठवला. जिची पाच महिने वाट पाहिली ती भाकर टाळूला चिकटली, आणि ती सुटावी म्हणून जीभ फिरवताना आपल्याला काहीच पवित्र वाटत नाहीय याची तिला भीती वाटली. प्रभूच्या प्रार्थनेत ती बरोबर जागी थांबली. पण त्याच्या आधी, मृतांसाठी मागताना, वाचणाऱ्या मुलीने चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या, आणि स्पीकरमधून सगळ्या चर्चभर ते नाव आलं. शमुवेल फकिरा पारधे. तीनशे माणसांनी देवाला त्याची आठवण ठेव म्हणून विनवलं. शीलाने दोन्ही हातांनी पुढचा बाक धरला होता.

ती घरी आली तेव्हा आबा सकाळी होते तिथेच होते. चहा झाकलेला तसाच पडलेला.

"घेतलं?"

"घेतलं."

"पूर्ण?"

"पूर्ण घेतलं, आबा."

"मोठ्यानं?"

"सगळ्यांनी ऐकलं."

आबांनी मान हलवली. त्यांचा जबडा काही वेळ नुसताच हलत राहिला. आपण काय लिहायला सांगितलं हे त्यांना ठाऊक होतं का, हे तिला विचारायचं होतं. तिने विचारलं नाही, आणि आपण ते कधीच विचारणार नाही हेही तिला तेव्हाच कळलं. लांबून, चौकाकडून, टँकरचा भोंगा वाजला.

"जा," आबा म्हणाले. "हंडे काढ बाहेर."

शीलाने साडीचा पदर खोचला, आतून दोन्ही हंडे आणले आणि दारात तोंड वर करून उभे ठेवले.